शेवटच्या पाच मिनिटांचा गडी

अकोल्यात रेल्वे लायनीच्या पलीकडे जी कापसाची जिनिंग होती, तिच्या फाटकासमोर मनकर्णाबाईची चहाची टपरी होती. तिचा नवरा त्याच जिनात रुईच्या गाठी बांधायचा. तो अचानक वारला, तेव्हा जिनातल्या लोकांनी शेठच्या कानावर घातलं आणि तिला फाटकाबाहेर चार बांबू रोवायची परवानगी मिळाली. चहा ती चांगला करायची, पण टपरी चालायची ती चहामुळे नाही. चालायची ती समोरच्या लांब बाकामुळे, आणि बाक भरलेला असायचा तो कबड्डीमुळे.

जिनाचा स्वतःचा संघ होता. शेठला हौस होती आणि कामगारांना वेड. दर रविवारी कुठे ना कुठे सामना, आणि सोमवारी सकाळी भोंगा व्हायच्या आधी बाकावर त्या सामन्याची चिरफाड. मनकर्णाबाईनं आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता. मैदानात बायांनी जायची रीत नव्हती, आणि तिला टपरी सोडवतही नव्हती. पण दोन-तीन वर्षं ऐकून ऐकून तिला सगळं कळायला लागलं होतं. चढाई कशी, पकड कशी, मध्यरेषेला हात कसा लागतो, कोण कोपऱ्यात उभा राहतो आणि कोण नुसताच ओरडतो. कुणी चुकीचं सांगितलं तर चहा गाळता गाळता ती मनातल्या मनात हसायची.

बाकावरचे तीन गडी पक्के. नत्थुजी तरुणपणी स्वतः खेळलेले, आवाज असा की पार लायनीपलीकडे जावा. डोमाजी कापसाची बैलबंडी हाकणारा; त्याला कशातच बरं दिसायचं नाही. आणि जिनाच्या हपिसातले कारकून कमलाकांतराव, संघाची व्यवस्था पाहणारे. कमलाकांतराव बाकावर बसायचे, पण चहा घ्यायचे नाहीत. "घरून घेऊनच निघालो," म्हणायचे. ते का, हे मनकर्णाबाईला ठाऊक होतं. छप्पन साली ती नवऱ्यासोबत नागपूरला जाऊन आली होती, घरातले जुने देव नदीत सोडले होते आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली होती. ती बदलली होती. बाकावरचे सगळेच बदलले नव्हते, आणि तिनं तोंडानं कधी कुणाला काही म्हटलं नव्हतं.

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात धर्मपाल आला. बार्शीटाकळीचा पोरगा, विशी नुकती ओलांडलेला, उंच आणि काटकुळा. जिनात रेच्यावर कापूस टाकायच्या कामाला लागला. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचं यंत्र. त्याच्याभोवती दिवसभर रुईचे तंतू उडत राहतात आणि तिथला माणूस संध्याकाळी बाहेर येतो तो पांढऱ्या भुवया घेऊन. संघात एक गडी कमी पडला म्हणून त्याला घेतलं. पहिल्या सामन्यात तो सगळा वेळ कोपऱ्यात उभा होता. चढाईला जाच म्हटलं तरी मान हलवायचा. आणि शेवटी, संघ हरल्यात जमा असताना, तो आपणहून पुढे झाला, तिघांना शिवून आला आणि सामना जिंकून दिला.

दुसऱ्या दिवशी बाकावर बसायला जागा नव्हती.

"बाप्पा रे बाप्पा!" नत्थुजी उभे राहून हातवारे करत होते. "म्या वीस वर्सं पाह्यलं, पन असा पोट्टा पाह्यला नाई. असा गेला, असा वाकला, त्यानं याचा पाय धरला तं यानं पायच तिथं ठेवला नाई ना!"

"एखाद्या टायमाले होते असं," डोमाजी म्हणाला. "आंधळ्याचा गोटाही लागते कधी."

"तू गप बे."

थोड्या वेळानं कमलाकांतरावांनी मनकर्णाबाईकडे न पाहता हात पुढे केला. "बाई, एक चहा द्या."

तिनं दिला.

पुढच्या महिनाभरात असंच होत गेलं. मूर्तिजापूरला, बाळापूरला, खुद्द अकोल्यात. धर्मपाल सामनाभर कोपऱ्यात उभा. संघ मागे पडतोय, लोक शिव्या घालताहेत, आणि शेवटची पाच मिनिटं उरली की पोरगा दोन, फार तर तीन चढाया करायचा आणि सगळा हिशेबच उलटा करून टाकायचा. लोक त्याला 'पाच मिनिटांचा गडी' म्हणायला लागले. इतर खेळाडू पण त्याच्यावर सोडून मोकळे व्हायला लागले. शेवटी धर्मपाल आहेच, मग आधी कशाला जिवाचं रान करायचं?

तो शेवटीच का उठतो, यावर बाकावर रोज वाद व्हायचा.

"वाघ हाये तो," नत्थुजींचं म्हणणं. "वाघ काय दिवसभर उड्या मारते? भूक लागली का उठते."

"तसं नाही," कमलाकांतराव समजावायचे. "हा डोक्याचा खेळ आहे. शेवटी समोरच्यांचे पाय जड झालेले असतात. हा ताजा. सेनापती आपली राखीव फौज शेवटीच काढतो."

"मग सुरवातीलेच जिंकून घरी जावा ना," डोमाजी म्हणायचा. "आमच्या जिवाले काहून घोर? एक दिवस उठनार नाई हा, तवा पाहा."

त्या दोघांनी मिळून डोमाजीला उडवून लावायचं, हे ठरलेलंच होतं. मनकर्णाबाई ऐकायची. तिलाही आवडायचं ते ऐकायला. नवरा गेल्यापासून घरात बोलणारं कुणी नव्हतं, आणि या पोरानं बाकावर जे काही आणलं होतं त्याची ऊब तिच्यापर्यंत पोचत होती. आपल्यातला पोरगा, आणि सगळे त्याचं नाव असं घेतात! सोमवारी ती आता दूध जास्त घ्यायची.

पण ती एक गोष्ट पाहायची जी बाकावरच्यांना दिसत नव्हती, कारण त्यांची पाठ तिकडे असायची. तिच्या चुलीच्या तोंडासमोर लायनीवरून येणारी पायवाट होती. धर्मपाल रविवारी सामना आटोपला की गावी जायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं यायचा. वाट थोडी चढाची होती. चढ म्हणजे तरी काय, म्हातारी माणसं डोक्यावर पाटी घेऊन चढायची. तो मात्र नळाशी थांबायचा. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खाली मान घालून उभा राहायचा. नळाचं पाणी तोंडावर मारायचा. मग सरळ व्हायचा आणि हसत हसत बाकाकडे यायचा. लोक पाठीवर थाप मारायचे. थाप बसली की त्याचे ओठ घट्ट मिटायचे. तेवढं तिनं पाहिलं होतं.

एका बाजाराच्या दिवशी दुपारी बाकावर कुणी नव्हतं. टपरीच्या मागे तिनं सरपण रचलं होतं, तिथून खोकल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर धर्मपाल सरपणाला टेकून बसलेला. डोळ्यांतून पाणी, छातीवर मूठ दाबलेली. श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज निघत होता.

तिनं गरम पाणी आणून दिलं. तो घोट घोट प्यायला.

"कधीपासून हाये हे?"

"लहानपनी गावच्या जिनात मायसंगं जात होतो. तवापासून थोडं थोडं. अकोल्याले आलो तसं वाढलं." तो थांबून थांबून बोलत होता. "सुट्टी झाली का सोमवारी तं छाती बांधल्यावानी होते, मावशी. जशी कोनी दोरी आवळली."

"अन् असा तू कबड्डी खेळतं?"

तो हसला. "खेळतो कुठं? उभा राह्यतो. माह्यात दोन चढायाचा दम हाये. लई झालं तं तीन. सुरवातीलेच खर्च केला तं मंग शेवटी काय करू? म्हून राखून ठेवतो."

मनकर्णाबाई त्याच्याकडे पाहतच राहिली. वाघ, राखीव फौज, ताजे पाय, सगळं तिच्या डोक्यातून एकदम फिरून गेलं. बाकावर महिनाभर ज्याची पूजा चालली होती, ते एवढंच होतं.

"डॉक्टरले दाखवलं?"

"तो म्हनते, कापसातून निंघ. निंघून कुठी जाऊ? माय हाये, लहान बहीन हाये. रेच्यावर कमजोर मानूस कोन ठेवते? संघात हावो म्हून मुकादम काही म्हनत नाई." त्यानं तिचा पदर धरल्यासारखा हात पुढे केला आणि मागे घेतला. "मावशी, कोनाले सांगू नोको."

"नाई सांगत."

तिनं सांगितलं नाही. पण झोप उडाली. शेवटी तिनं एक केलं. कमलाकांतराव एकटे असताना त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "बाबूजी, त्या धर्मपालले रेच्यावरून काढून फाटकावर नाई का ठेवता येनार? त्याले तो धुरळा मानवत नाई."

"मानवत नाही म्हणजे?"

"सर्दी होते," ती म्हणाली. "खेळावर परिनाम होईन."

कमलाकांतराव भले माणूस होते. खेळावर परिणाम म्हटल्यावर तर ते लगेच शेठकडे गेले. संध्याकाळी बाकावर येऊन त्यांनी सगळ्यांसमोर जाहीरच केलं, "शेठ म्हणाले, अमरावतीच्या स्पर्धेची ढाल आणा. ढाल आली की पोरगा फाटकावर. स्टूल टाकून बसवतो म्हणाले त्याला, गणवेश देतो!"

"मंग झालंच समजा!" नत्थुजी ओरडले.

धर्मपाल तिथेच होता. त्यानं मनकर्णाबाईकडे पाहिलं. त्या नजरेत आनंद होता की भीती, तिला उमगलं नाही. फाटक त्यांच्यासमोरच होतं. मोकळं आकाश, वर लिंबाची सावली.

अमरावतीचा अंतिम सामना फेब्रुवारीत होता. शेठनं कापसाचा ट्रक दिला. मनकर्णाबाईची बहीण मैना अमरावतीजवळच्या वलगावला दिलेली होती, तिला भेटायला जाते असं सांगून तिनं टपरी बंद केली आणि ट्रकमध्ये चढली. माणसांच्या गर्दीत ती एकटी बाई. डोमाजीनं तिला केबिनच्या मागे टेकायला जागा करून दिली. वाटभर नत्थुजींचं तोंड बंद नव्हतं. पहिली चढाई कशी होईल, दुसरी कशी होईल, परतताना ढाल कोणी धरायची. धर्मपाल एका कोपऱ्यात डोळे मिटून बसला होता. लोक म्हणत होते, पाहा, वाघ झोपला.

मैदान मोठं होतं. चारी बाजूंनी माणसं, झाडांवर माणसं. एका बाजूला खेळाडूंच्या घरच्या थोड्या बाया होत्या, त्यांच्यात ती उभी राहिली. बाकावर ऐकलेला खेळ पहिल्यांदा डोळ्यांनी पाहताना ती गोंधळली. इतकं जवळ असतं हे? इतकी माणसं एकाच्या अंगावर पडतात? अमरावतीचे गडी दणकट होते. अकोल्याचा संघ मागे पडत गेला. धर्मपाल कोपऱ्यात उभा होता, चढाईची पाळी आली की दुसऱ्याला पुढे करत होता. अमरावतीची माणसं त्याला हसत होती. अकोल्याची माणसं मात्र निवांत होती, विड्या ओढत होती. त्यांना ठाऊक होतं, अजून वेळ झाली नाही.

मग वेळ झाली.

तो पुढे आला तेव्हा मैदान आपोआप शांत झालं. त्यानं मध्यरेषेची माती कपाळाला लावली. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आवाज मोठा नव्हता, पण तुटत नव्हता. तो सरळ गेलाच नाही; तिरपा गेला, थांबला, वाऱ्यानं पडदा हलावा तसा अंग मागे घेतलं, आणि लांब पाय टाकून दोघांना शिवून परतला. मनकर्णाबाईच्या तोंडून किंकाळी निघाली. शेजारची बाई तिच्याकडे पाहायला लागली. दुसऱ्या चढाईत एकानं त्याची कंबर धरली होती. सगळे म्हणाले, गेला. तो धरणाऱ्यासकट रेषेपर्यंत सरपटत आला आणि बोटांची टोकं मातीवर टेकवली. बरोबरी झाली. त्याच क्षणी शिट्टी वाजली.

अकोल्याची माणसं नाचायला लागली. मनकर्णाबाईही टाळ्या वाजवत होती. मग पंचानं हात वर करून सांगितलं, बरोबरी झाली, तेव्हा आणखी पाच-पाच मिनिटं खेळ होईल.

"वा रे पंच!" नत्थुजींनी टोपी उडवली. "आता तं सगळी त्याचीच येळ! पाच मिनिटं म्हनजे त्याच्या घरची!"

मनकर्णाबाईच्या टाळ्या थांबल्या. तिनं धर्मपालला शोधलं. तो मैदानाच्या कडेला, लोकांकडे पाठ करून, हात गुडघ्यांवर टेकून उभा होता. त्याच्या बरगड्या वरखाली होत होत्या. कर्णधार त्याच्या पाठीवर थापा मारून काही सांगत होता. हजारो माणसं ते पाहत होती आणि एकालाही त्यात काही दिसत नव्हतं. तिला वाटलं, जावं, मैदानात शिरावं, पंचाला सांगावं. पण काय सांगावं? आणि ढाल नाही मिळाली तर सोमवारी तो पुन्हा रेच्यावर. ती उभी राहिली.

जादा वेळेत अमरावती एका गुणानं पुढे गेली. शेवटी शेवटी कर्णधारानं धर्मपालकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. "धर्मपाल! धर्मपाल!" असा गजर सुरू झाला, त्यात कमलाकांतरावांचा आवाजही होता, घसा बसलेला.

तो गेला. रेषा ओलांडली. चार पावलं आत गेला असेल. ओठ हलत होते. समोरचे गडी त्याला घाबरून मागे मागे सरकत होते, कुणीही जवळ यायला धजत नव्हतं. आणि अचानक तो थांबला. कुणी धरलं नाही, कुणी शिवलं नाही. तो त्यांच्या अंगणात नुसता उभा राहिला, तोंड उघडलं आणि श्वास घेतला. पाण्यातून वर आलेला माणूस घेतो तसा, आवाज करून.

पंचानं शिट्टी वाजवली. दम तुटला, गडी बाद.

काय झालं ते पुष्कळांना कळलंच नाही. मग अमरावतीकरांचा एकच हलकल्लोळ झाला आणि ढाल गेली.

सूर्य अजून वर होता. मनकर्णाबाई गर्दीतून वाट काढत ट्रकपाशी आली तेव्हा माणसं चढली होती. धर्मपाल खाली उभा होता. वर चढायला त्याला कुणी हात दिला नाही, आणि हाताशिवाय चढायची त्याच्यात ताकद नव्हती.

"त्याले कोनी हात तरी लावला का?" ट्रकमधून कुणीतरी म्हणालं. "उभा राह्यला ना लेकाचा. आपनच उभा राह्यला."

"पैसे खाल्ले," दुसरा म्हणाला.

नत्थुजींच्या डोळ्यांत पाणी होतं. घरात मयत झाल्यासारखे ते दोन्ही हातांत टोपी धरून बसले होते. ट्रक सुटला.

मनकर्णाबाईनं धर्मपालला वलगावला बहिणीकडे नेलं. मैनानं काही न विचारता आल्याचा काढा केला, ओसरीवर बाज टाकली. पोरगा संध्याकाळभर बसून होता, आडवं झालं की श्वास लागायचा. जेवला नाही. एकदाच म्हणाला, "मावशी, अजून एक चढाई निंघीन असं वाटलं होतं मले."

पहाटेच्या गाडीनं दोघं अकोल्याला परतली. सोमवारी बाक भरला होता. धर्मपाल कामावर आत गेला होता, मान खाली घालून, नळाशी न थांबता. बाहेर बोलणं सुरू होतं. अमरावतीच्या कुणा कापूस दलालानं त्याला गाठलं होतं, कुणी तरी पाहिलं होतं, कुठल्या तरी खानावळीत. जितकी तोंडं तितकी खानावळींची नावं. मनकर्णाबाई चहा गाळत होती. फडकं हातातून सुटलं आणि चहा चुलीत सांडला.

"त्यानं पैसे नाई खाल्ले," ती म्हणाली.

ती आजवर मधे कधी बोलली नव्हती.

"त्याची छाती खराब हाये. रुईनं. दोन चढायाचाच दम हाये त्याच्यात, म्हून शेवटी खेळते. म्या डोयानं पाह्यलं. तिसऱ्या टायमाले त्याच्यात काही उरलंच नोतं."

नत्थुजींनी मान वर केली. क्षणभर तिला वाटलं, हे तरी समजून घेतील. ते स्वतः खेळलेले होते.

"बाई," ते अगदी हळू बोलले, त्यांच्या नेहमीच्या आवाजात नाही, "छातीत दम नाई म्हन्ता, तं मंग मूर्तिजापूरले कसा खेळला? बाळापूरले कसा? ज्याच्यात दम नाई तो शेवटी उठते? शेवटी तं भल्याभल्याईचा दम जाते. तुमी त्याच्या समाजाच्या हा, म्हून तुमाले वाईट वाटून राह्यलं. वाटनारच."

धर्मपालची प्रत्येक जीत आता त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती. एकटा डोमाजी, ज्याला कधी कशात बरं दिसलं नव्हतं, तो ग्लास खाली ठेवून म्हणाला, "खरं असन, नत्थुजी." पण डोमाजीचं ऐकायची कुणाला सवयच नव्हती.

कमलाकांतरावांनी मात्र ऐकलं होतं. ते उठून हपिसात गेले. त्यांच्या मनात चांगलंच होतं. पोरावरचा डाग पुसावा, म्हणून त्यांनी शेठला खरं काय ते सांगितलं. तीन-चार दिवसांत जिनाच्या डॉक्टरनं धर्मपालची छाती तपासली. आठवडा संपायच्या आत त्याचं नाव हजेरीतून निघालं. आजारी माणूस यंत्रावर पडला तर जिम्मेदारी कोणाची, असं शेठचं म्हणणं. फाटकाचं काय, असं कमलाकांतरावांनी विचारून पाहिलं. शेठ म्हणाले, फाटकावर पळणारा माणूस लागतो.

हे सांगायला ते टपरीवर आले तेव्हा बाक रिकामा होता. उभ्यानंच बोलले. "बाई, मला वाटलं होतं..." मनकर्णाबाईनं त्यांना चहा दिला. दोष द्यायचा तर कुणाला? सांगितलं तर तिनंच होतं. सांगणार नाही असा शब्दही तिनंच दिला होता.

धर्मपाल जाताना तिला भेटला नाही.

पुढच्या हंगामात संघात नवा पोरगा आला. चढाईला सुरुवातीपासून जायचा, धसमुसळा होता, लोकांना फारसा आवडला नाही. "पन तो कुठं अन् हा कुठं," असं नत्थुजी एकदा बोलून गेले. धर्मपालचं नाव बाकावर कुणी घेत नव्हतं. चांगलंही नाही, वाईटही नाही.

कापूस वेचणी चालू असताना मनकर्णाबाई बार्शीटाकळीला गेली. घर शोधायला वेळ लागला नाही. धर्मपालची माय, भागीरथा, सारवलेल्या अंगणात उभी होती. दुसऱ्याच्या शेतातून वेचून आणलेला कापूस ओट्यावर उतरवत होती. मजुरीच्या वाट्याचा कापूस घरात, वळचणीला, सगळीकडे होता. त्यापासून दूर, अंगणाच्या पार टोकाला बाभळीखाली बाज टाकलेली होती, आणि तिच्यावर दोन उशा पाठीशी घेऊन तो बसला होता. आधीच काटकुळा, आता नुसती हाडं.

"मावशी," तो म्हणाला. उठला नाही.

ती बाजेच्या कडेला बसली. येताना आणलेली संत्री तिनं उशाशी ठेवली. मग ती म्हणाली, "म्याच सांगतलं रे त्याईले. तुले नाई सांगत म्हटलं होतं तरी."

"मालूम हाये."

"मले वाटलं, लोक तुले चोर म्हनून राह्यले, तं..."

"चोरच म्हनू देती तं नौकरी तरी राह्यती," तो म्हणाला. रागानं नाही. हवापाण्याचं बोलावं तसं बोलला, आणि तेच तिच्या जास्त वर्मी लागलं.

भागीरथानं पाणी आणलं. ती तिथंच जमिनीवर टेकली. धर्मपाल बाभळीकडे पाहत होता.

"मावशी, तू त्या दिवशी पाह्यलं ना? अमरावतीले?"

"पाह्यलं ना."

"पहिली कशी झाली होती? मले आठवतच नाई. खेळताना काही समजत नाई."

मनकर्णाबाईनं पदर सावरला. बाकावर इतकी वर्षं ऐकलेलं सगळं तिच्या जिभेवर आलं. ती सांगायला लागली. मैदान कसं गप्प झालं, तो तिरपा कसा गेला, अंग कसं मागे घेतलं, तो दांडगा गडी कसा तोंडघशी पडला. हातवारे करायला लागली. दुसरी चढाई सांगताना ती उभीच राहिली, कंबर धरणारा माणूस कसा फरफटत आला ते तिनं अंगणात दाखवलं. भागीरथाच्या तोंडाला पदर लागला होता. आपला पोरगा काय करत होता हे तिला आजच कळत होतं. धर्मपालनं डोळे मिटले होते. एकदा त्याची बोटं हलली, मातीला टेकावी तशी.

"अन् तिसरी?" त्यानं विचारलं.

"तिसरी मले दिसली नाई," ती म्हणाली. "समोर मानसं उभी झाली होती."

त्यानं मान हलवली. डोळे उघडले नाहीत.

जायची वेळ झाली. भागीरथा तिला शेतांमधल्या पांदणीतून रस्त्यापर्यंत पोचवायला आली. रस्ता आला तशी भागीरथा थांबली. "बाई, डॉक्टर म्हनते, कापसापासून दूर ठेवा. तुमीच सांगा, या मुलखात ठेवू कुठी?"

रस्त्यानं कापसाच्या बंड्या अकोल्याकडे चालल्या होत्या, एकामागे एक, उंच भरलेल्या. त्या जाईपर्यंत दोघींना रस्ता ओलांडता येईना. मनकर्णाबाईनं भागीरथाचा हात धरला आणि बंड्या संपायची वाट पाहत त्या कडेला उभ्या राहिल्या.